नवऱ्याचा रिपोर्ट पाच महिन्यांनी का केला आम्ही?

दीड वर्ष झालं तरी दिवस राहत नव्हते म्हणून डॉक्टरांकडे गेलो, म्हणजे मी एकटीच गेले, आणि चूक तिथेच झाली. तेव्हा मी ३३ वर्षांची. पाळीच्या दुसऱ्या दिवशी एफएसएच, एलएच या हार्मोन्ससाठी रक्त दिलं, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच सगळं झालं (एएमएचवरून अंडी साधारण किती उरलीत ते कळतं, ती चांगली आहेत की नाही ते नाही कळत, हे मला खूप उशिरा समजलं) आणि मग एचएसजी. गर्भाशयात डाय सोडून एक्सरे काढतात, डाय दोन्ही ट्यूबमधून बाहेर पडतोय का बघतात. पाचदहा मिनिटांचंच काम पण मला फार दुखलं. करणार असाल तर आधी पेनकिलर घ्यायची का ते डॉक्टरांना नक्की विचारा, मला कोणी सांगितलंच नव्हतं.

एवढं करून माझं सगळं नॉर्मल. मग कुठे नवऱ्याचं सीमेन अ‍ॅनालिसिस (वीर्याची तपासणी) झालं, पाच महिन्यांनी! दोन ते सात दिवस संबंध टाळायचे आणि सॅम्पल द्यायचं, बस, सुईसुद्धा नाही. शुक्राणूंचा काउंट आला मिलीलिटरला ४० लाख, डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या मॅन्युअलमध्ये खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. त्या रात्री तो जेवला नाही. एका रिपोर्टवर ठरवत नाहीत, शुक्राणू तयार व्हायला अडीच तीन महिने लागतात, मधे ताप आला असला तरी काउंट पडतो, म्हणून तीन महिन्यांनी परत केली. ५० लाख. हेच पहिल्या आठवड्यात कळलं असतं तर माझे ते महिने वाचले असते, याचा मला अजून त्रास होतो.

डॉक्टर म्हणाले आययूआय (शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडतात ते) नको, थेट इक्सी करू. यात एकेक शुक्राणू बारीक सुईने अंड्यात सोडतात, १९९२ पासून या पद्धतीने मुलं जन्मतायत, त्याआधी आमच्यासारख्यांना फारसा मार्गच नव्हता. दहा बारा दिवस पोटात इंजेक्शनं, दर दोनतीन दिवसांनी सोनोग्राफी, मग ट्रिगर म्हणजे अंडी पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन, ते सांगितलेल्या वेळेलाच घ्यायचं कारण ३४ ते ३६ तासांनी अंडी काढतात, मी तर तीन अलार्म लावले होते.

अंडी निघाली ११. मला वाटलं ११ म्हणजे खूप झाली. पण त्यातली पक्व ८, फलित झाली ६, आणि पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट (पाच दिवस वाढलेला गर्भ) फक्त २. ही गळती बहुतेकांची होते, पण आधी कोणी समजावलं नसेल तर लॅबचा प्रत्येक फोन छातीत धडधड घेऊन येतो.

एक ट्रान्सफर केला, म्हणजे गर्भाशयात सोडला, बीटा (गरोदरपणाची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला. दोघं मिळून रडलो. दुसरा फ्रीज केलेला आहे, पुढच्या पाळीनंतर ट्रान्सफर, आणि यावेळी प्रत्येक अपॉइंटमेंटला तो माझ्याबरोबर येतोय.