तुम्ही विचारलंत म्हणून: चाबूक कुठंय?

रपेट शिकायला मुलांना घेऊन येणारे पालक पहिल्याच दिवशी विचारतात. सारंगखेड्याच्या यात्रेत भेटणारे घोडेवाले विचारतात. घरी अण्णा तर अजून विचारतात. "चाबूक नाही, मग घोडी ऐकते कशी?" आणि मागोमाग, "लाडावून ठेवलीय." इतकी वर्षं मी विषय बदलत आलो. आज नीट सांगतो.

मी घोडीचे लाड करत नाही. साडेतीनशे किलोचं जनावर आहे ते, अंगावर आलं तर माणूस उरत नाही. मीही टाच देतो, लगाम धरतो. पण तिनं पाऊल उचललं की त्याच क्षणी टाच सुटते. घोडा दाबानं शिकत नाही, दाब सुटला की शिकतो. पाठीवर बसलेली माशी जिला कळते, तिला पोटरीचा हलका स्पर्श कळणार नाही का? आपण मात्र ती चालू लागली तरी टाचा मारत राहतो, आणि वर तिलाच मठ्ठ म्हणतो.

हे मला जाणत्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

माझी घोडी चांदणी, काठेवाडी जातीची. कानांची टोकं एकमेकांना टेकायची. पहिले काही महिने नजर लागावी अशी चालली, मग लगाम चढवताना मान झटकायला लागली. सगळे म्हणाले खोड आहे, तोंड कडक झालंय. मी काटेरी लगाम आणला, तोंडातल्या लोखंडाला काटे असलेला. जनावरांच्या छळाविरुद्धच्या 1965 च्या नियमांपासून त्याला बंदी आहे, हे मला माहीत होतं. तरी आणला.

आठवड्याभरात ओढ्याशी ती थांबली. पाणी जेमतेम घोट्याएवढं. मी लगाम खेचून धरला आणि चाबूक ओढला. एक, दोन, पाच. कातडी थरथरत होती, पाय हलत नव्हते. मागे खेचतोय आणि पुढे हाकतोय, तिनं करायचं काय? ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि कुशीवर कोसळली. मी बाजूला फेकला गेलो. लगाम तुटला होता, पळून जायला सगळं रान मोकळं होतं. ती उठली आणि तिथंच उभी राहिली, मान खाली घालून. ओठांवरून तांबडा फेस गळत होता.

डॉक्टरांनी तिची जीभ एका बाजूला धरली, बॅटरी मारली आणि मला म्हणाले, "बघा." गालाच्या आत चिरा पडल्या होत्या. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. चावून चावून वरच्या दाढांची बाहेरची कड सुरीसारखी होते, आणि लगाम ओढला की गाल त्या कडेवर दाबला जातो. अधूनमधून कानस मारून ती कड घासून घ्यावी लागते. त्या चिरा दाढांच्या. जिभेवर लहान गोल जखमा होत्या, त्या माझ्या.

तेव्हाचा मी अजून वाद घालतो: दाढांचं मला ठाऊकच नव्हतं. खरं आहे. पण काट्यांचं ठाऊक होतं.

त्यानंतर दोन महिने तिच्या तोंडात लोखंड घातलं नाही. म्होरकीवरच, म्हणजे नुसत्या डोक्याला बांधलेल्या दोरीवर फिरवली. मग रोज सकाळी गूळ चोळलेला साधा लगाम तळहातावर धरून तिच्या खांद्याशी उभा राहायचो. नाकासमोर नाही, कारण अगदी समोरचं तिला दिसत नाही. ती हुंगायची, तोंड फिरवायची, मी परत जायचो. एकोणिसाव्या दिवशी तिनं आपणहून तोंड उघडलं. मला रडू आलं, हे अण्णांना सांगितलेलं नाही.

काही जण याला भागीदारी म्हणतात. मला तो शब्द पेलत नाही. पाठीवर बसायचं मी ठरवलं, तिला कुणी विचारलं होतं? चाबूक टाकला म्हणून हिशेब फिटला असंही मला वाटत नाही. अण्णा म्हणतात, त्यांच्या वडिलांनी चाबकावरच घोडे केले आणि ते घोडे त्यांच्यावर जीव टाकायचे. मी ते घोडे पाहिलेले नाहीत, त्यामुळे उत्तर देता येत नाही.

काल सकाळी चांदणीनं लगाम घेतला नाही. तीन वेळा तोंड फिरवलं. शिकायला आलेल्या मुलाचे पैसे मी परत केले. त्याच्या वडिलांनी तोच प्रश्न विचारला. डॉक्टर गुरुवारी येताहेत, तोवर ती म्होरकीवर.