हिवाळाभर चालला म्हणून वायरिंग बरोबर कसं?

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास लग्नांची धामधूम असते, तेव्हा जळगावात आमच्याकडे गाड्यांची रांग लागते. स्टिरिओ बसव, स्पीकर बदल, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण अंमळनेरकडची एक बोलेरो डोक्यातून जात नाहीये.

मागे १२ इंची दोन सबवूफर (बासचे मोठे स्पीकर, आम्ही सब म्हणतो), सीटखाली त्यांना पॉवर देणारा एका चॅनेलचा मोनोब्लॉक ॲम्प. थोडा वेळ जोरात वाजला की प्रोटेक्टचा, म्हणजे ॲम्प स्वतःला वाचवायला बंद झाल्याचा, लाल लाईट लागायचा आणि आवाज बंद. पोरगा म्हणे, "भो, हिवाळाभर चांगला चालना, आते काय व्हयनं?" बसवणाऱ्या दुकानदाराने ॲम्प डुप्लिकेट आहे, दुसरा घ्या असं सांगून टाकलेलं. मीटर लावायला दोन मिनिटं लागत नाहीत, तेही कोणी लावलं नव्हतं, याचाच मला संताप येतो.

ॲम्पवरून स्पीकरची वायर सोडवली, मीटर लावलं, १.१ ओहम. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्या की त्यांचाच ०.२ येतो, तो वजा केला तर ०.९. तिथेच कळलं. दोन्ही सब ड्युअल कॉइल ४ ओहमचे, म्हणजे प्रत्येकात ४ ओहमच्या दोन, एकूण चार कॉइल, आणि चारही पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडलेल्या, त्यात ओहम भागला जातो! ४ ओहमची कॉइल मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवते, त्यामुळे हा लोड सरळ १ ओहमचा. आणि ॲम्पवर स्पष्ट छापलेलं, मिनिमम २ ओहम. ओहम जेवढा कमी, तेवढा ॲम्पमधून करंट जास्त आणि तो तापतो जास्त.

मग हिवाळ्यात कसा चालला? तर गाणं वाजताना सबचा ओहम एकच राहत नाही, फ्रिक्वेन्सीप्रमाणे वर जातो, त्यामुळे ॲम्पला कायम १ ओहम झेलावा लागत नाही, आणि थंडीत हीटसिंक (ॲम्पची उष्णता बाहेर टाकणारी धातूची बॉडी) गरम झाला तरी निभतं. मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री, उन्हात उभी गाडी म्हणजे भट्टी, त्यात ॲम्पवर मॅट अंथरलेली. ॲम्प चांगलाच होता, तो स्वतःला जळण्यापासून वाचवत होता.

बरं, या दोन सबमधून २ ओहम निघतच नाही. १, ४ नाहीतर १६, एवढंच. एकटा सब लावला तर २ मिळतो. मी प्रत्येक सबच्या कॉइल सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक घेतल्या, त्यात ओहमची बेरीज होते, ८-८ झाले, मग दोन्ही सब पॅरलल, ४ ओहम. ९ व्होल्टचा सेल टेकवून दोन्ही कोन एकाच वेळी बाहेर येतात ना तेही बघितलं, कारण एक उलटा लागला की बास गायब होतो.

सोबत त्याचे काका होते, त्यांनी मुद्द्याचं विचारलं, "मग पॉवर कमी झाली ना?" झाली, २ ओहमच्या मानाने साधारण निम्मी. पण निम्मी पॉवर म्हणजे फक्त ३ डेसिबल, आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला पॉवर १० पट लागते. शिवाय दोन सब मिळून जास्त हवा ढकलतात, म्हणून एकट्या सबला २ ओहमवर पूर्ण पॉवर दिली असती तरी आवाज जवळपास एवढाच आला असता. भर दुपारी तासभर वाजवून दाखवला, लाईट लागला नाही. काकांना पटलं.

पोराला नाही पटलं. त्याला ते सीट हादरवणारं १ ओहमचंच पाहिजे. मी म्हटलं मग ड्युअल २ ओहमचे सब घे, बरोबर २ वर बसतील, किंवा १ ओहमला चालणारा ॲम्प घे, जाड पॉवर वायर टाक. या ॲम्पवर १ ओहम मी कोणी कितीही पैसे दिले तरी जोडणार नाही. जाताना मागच्या दुकानदाराला फोन लावत होता, आणि तो "हिवाळ्यात चालला होता ना" म्हणून परत तसंच जोडून देईल हे मला माहीत आहे.