तुम्ही विचारलंत म्हणून: बैठकीत सगळ्यात नव्या माणसाला आधी का बोलायला लावते

आमच्याकडं नवीन जॉइन झालेली पोरं-पोरी, कधीकधी शेजारच्या तालुक्यातले डेप्युटी इंजिनिअरसुद्धा, एक प्रश्न हमखास विचारतात. मॅडम, तुमच्या बैठकीत सगळ्यात ज्युनिअर माणसापासून सुरुवात असते, सीनिअर लोकं शेवटी आणि ज्याला अजून फाईल कुठं ठेवायची ते माहीत नाही तो आधी, हे असं उलटं कामून? दरवेळी मी दोन वाक्यात उत्तर देऊन टाकते, पण ते दोन वाक्याचं नाहीच, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

मी पाणीपुरवठ्यात इंजिनिअर आहे, नोकरीला वीस वर्षं होत आली, सगळी मराठवाड्यातच. आमच्या मीटिंग हॉलमधी लांब टेबल असतं, मधल्या खुर्चीवर पांढरा टॉवेल, त्याच्या दोन्ही बाजूला पदाप्रमाणं लोकं बसतात आणि जागा संपली की भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या. तिथं कंत्राटी पोरं, ग्रामसेविका, नवीन जेई म्हणजे कनिष्ठ अभियंते. म्हणजे कोण बोलणार आणि कोण ऐकणार हे कुणी तोंड उघडायच्या आधी खुर्च्यांनीच ठरवलेलं असतं. मी पहिली कित्येक वर्षं भिंतीला होते. मग एक दिवस टेबलाशी बोलावलं, तर ते कशासाठी, 'मॅडमचं अक्षर चांगलंय, इतिवृत्त त्यांच्याकडं द्या' म्हणून. पुढची आठ वर्षं मी इतिवृत्त लिहिलं, म्हणजे बैठकीत काय झालं त्याची नोंद. ज्यांनी लिहिलंय त्यांनाच कळेल, लिहिणाऱ्याची मान सारखी खाली असते, समोरचा काय म्हणाला ते उतरवेपर्यंत विषय पुढं गेलेला असतो आणि आपल्याला जे म्हणायचं होतं ते तसंच राहतं. आणि त्या कागदावरची भाषा कशी, 'असे निदर्शनास आणून देण्यात आले', 'सर्वानुमते ठरले'. कुणी आणून दिलं? त्या 'देण्यात आले'मधी कितीतरी जणींचं बोलणं मी माझ्या हातानं पुसलंय, माझं स्वतःचं पण.

बोलण्यातला फरक तर आपल्या तोंडात इतका बसलाय की ऐकूच येत नाही. पोरगा काल जेई म्हणून लागला की आज 'साहेब'. 'साहेब म्हणले', 'साहेब गेले'. त्याच पदावरची बाई असली की 'मॅडम म्हणली', 'मॅडम गेली'. मनात वाईट काही नसतं हो, बोलणारा माणूस एरवी चांगलाच असतो, पण क्रियापदानं आधीच सांगून टाकलेलं असतं की कुणाचं ऐकायचं. हे मला भाषेच्या कुठल्या पुस्तकानं नाही सांगितलं, आमच्या शिपाई मावशींनी सांगितलं. त्या एकदा म्हणल्या, मॅडम, तुम्ही आल्या की मी 'आल्या' म्हणते, बाकीचे 'आली' म्हणतेत, ध्यान दिलं का कधी? मी दिलं नव्हतं.

आता मूळ गोष्ट. २०१६ चा एप्रिल. त्या महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या गाडीला दहा वॅगन, साधारण पाच लाख लिटर, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. खेड्यापाड्यात मात्र टँकरवरच होतं सगळं. मी नुकतीच डेप्युटी झाले होते, म्हणजे टॉवेलवाल्या खुर्चीत पहिल्यांदा मी. टंचाईची बैठक लावली. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं एक गाव, अठराशे लोकसंख्या, टँकरचं माप माणशी वीस लिटर, म्हणजे रोजचे छत्तीस हजार, बारा हजारी टँकरच्या तीन खेपा. टँकर भरायचा उद्भव, म्हणजे पाणी घ्यायची जागा म्हणून खाली ओढ्याकडंची एक विहीर अधिग्रहित केलेली. मी बैठक सुरू झाल्या झाल्या म्हणलं, ही विहीर मी मागच्या उन्हाळ्यात बघितलीय, चांगलीय, जूनपर्यंत जाईल, तीन खेपा फायनल करा. सगळे म्हणले बरोबर आहे मॅडम. पुढचा विषय.

चौथ्या दिवशी दुपारी टँकर विहिरीवरून रिकामा परत. संध्याकाळी मी त्या गावात गेले. चौकातल्या सिंटेक्सच्या टाकीपासून देवळापर्यंत घागरी, कॅन, तेलाचे डबे ओळीनं लावलेले, कुणीकुणी नंबरसाठी नुसता दगड ठेवलेला, आणि बायका बाजूला सावलीत बसलेल्या, सकाळपासून. एक म्हातारी बाई माझ्याकडं बघून एवढंच म्हणली, 'हीर तर शिमग्यालाच बसली माय, तुमाला कुणी सांगितलं नाई का?'

सांगायला माणूस होता. भिंतीजवळच्या खुर्चीवरचा आमचा कंत्राटी पोरगा बैठकीच्या तीन दिवस आधी त्या विहिरीवर जाऊन आला होता, दोर सोडून पाणी मोजलं होतं, चार फूट, आणि रात्रीतून झरा भरत नव्हता. आकडा त्याच्या खिशातल्या डायरीत होता. मी विचारलं, अरे मग बोललास का नाहीस? तो म्हणला, 'मॅडम, तुम्ही आधीच सांगितलं होतं ना.' त्याच्या शेजारी त्या गावची ग्रामसेविका बसलेली होती, तिलाही माहीत होतं. तिनं तोंड उघडलं होतं म्हणे, पण शाखा अभियंता मधीच दुसऱ्या गावाचं बोलायला लागले आणि तिचं राहून गेलं. मला तर आठवत पण नव्हतं ती बोलायला लागली होती ते.

त्या रात्री मला झोप आली नाही. कित्येक वर्षं भिंतीला बसून ज्या गोष्टीचा मला त्रास झाला तीच गोष्ट मी खुर्ची मिळाल्यावर पहिल्या बैठकीत केली, आणि तिची किंमत त्या दगड लावून बसलेल्या बायकांनी मोजली.

आमच्या ऑफिसात एक माजी सैनिक क्लार्क होते. त्यांना मी हे सांगितलं तर ते म्हणले, मॅडम, फौजेत कोर्ट मार्शल असतंय तवा मेंबर लोकाचं मत सगळ्यात खालच्या रँकपासून घेतेत. कारण साधं आहे, आधी वरिष्ठानं मत सांगितलं की खालचा माणूस वेगळं मत देईलच कसा? इतकी वर्षं पद, ज्येष्ठता, सॅल्यूट सगळं पाळणाऱ्या फौजेला हे कळलंय आणि आमच्या पाण्याच्या बैठकीला नाही, हे मला फार लागलं. पुढच्या बैठकीपासून मी क्रम उलटा केला. आधी कंत्राटी, मग ग्रामसेवक-ग्रामसेविका, मग जेई, मग शाखा अभियंता, आणि मी सगळ्यात शेवटी. तोवर मी फक्त लिहायचं. इतिवृत्त आळीपाळीनं, आणि त्यात कुणी काय सांगितलं ते नावानिशी.

सोपं नव्हतं. एक शाखा अभियंता, रिटायरमेंटला तीन वर्षं राहिलेली, सरळ म्हणले, 'माझी बत्तीस वर्षं सर्व्हिस झाली मॅडम, आन् ह्या पोराच्या मागून मी बोलू?' त्यांचं वाईट वाटणं खरं होतं आणि आपल्याकडं मोठ्या माणसाला आधी मान देतात, ते मलाही मोडायचं नव्हतं. मी त्यांना म्हणलं, काका, तुमच्याएवढ्या विहिरी कुणी बघितल्या नाहीत, म्हणून तुम्ही शेवटी. पोरांचं ऐकून काय चुकलं ते तुम्हीच सांगू शकता. त्यांना ते शेवटपर्यंत आवडलं नाही. पण बोलायचे मात्र नेमकं.

क्रम बदलल्यानं ज्युनिअर-सीनिअरचं बरंचसं सुटलं. बाई-पुरुषाचं नाही सुटलं, हे मी मोकळेपणानं सांगते, कारण पुष्कळ जणी विचारतात की मॅडम, नंबर तर येतो पण वाक्य पूर्ण होत नाही. हे फक्त आपल्याकडं नाही. १९७५ मधे अमेरिकेत झिमरमन आणि वेस्ट या दोन अभ्यासकांनी पुरुष आणि बाई यांच्यातल्या गप्पा टेप करून मोजल्या होत्या, एकूण ४८ वेळा कुणीतरी मधी तोडलं, त्यातल्या ४६ वेळा तोडणारा पुरुष. बरं तो अभ्यास लहान होता, जुना होता म्हणा. पण २०१७ मधे अमेरिकेच्याच सुप्रीम कोर्टाच्या सुनावण्यांचा अभ्यास आला. २०१५ च्या सत्रात बेंचवर नऊपैकी तीन महिला, आणि न्यायमूर्तींना मधी तोडण्याचे जेवढे प्रसंग त्यातले जवळपास ६६ टक्के या तिघींच्या वाट्याचे. देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाच्या न्यायमूर्ती! आणि ज्येष्ठतेनं जेवढा फरक पडतो त्याच्यापेक्षा बाई असल्यानं पडणारा फरक कितीतरी मोठा निघाला. मग २०२१ मधे तिथं पद्धत बदलली, वकिलाची वेळ संपली की प्रत्येक न्यायमूर्तीला ज्येष्ठतेच्या क्रमानं प्रश्न विचारायची वेगळी पाळी, आणि न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी जाहीर सांगितलं की या बदलामागं असे अभ्यास पण होते. तिथला क्रम वरून खाली आहे, माझा खालून वर, पण पाळी ठरवली की वाक्य पूर्ण व्हायची शक्यता वाढते हे दोन्हीकडं सारखंच.

हे वाचल्यावर मी एका बैठकीत डायरीच्या मागच्या पानावर रेघा मारल्या, कोण कुणाला तोडतंय त्याच्या. बायकांच्या नावापुढं जास्त रेघा, ते अपेक्षितच होतं. पण त्यातल्या काही रेघा माझ्या होत्या, मीच त्यांना तोडलं होतं, घाई म्हणून. तेव्हापासून कुणी मधी घुसलं की मी हात वर करून एवढंच म्हणते, 'थांबा, त्यांचं होऊ द्या.' चिडून नाही, रोजच्या आवाजात. लोकांना सवय होते.

आणि ग्रामसभेचंही इथंच सांगते. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची हे कायद्यातच आहे. कितीतरी गावात ती रजिस्टरवरच होते, सह्या घरोघर फिरवून. पण त्या ग्रामसेविकेनं पुढच्या वर्षी ती खरोखर घेतली, शाळेच्या व्हरांड्यात, एकही गडी माणूस नाही. बायकांनी गावातल्या एकेका बोअरचं नाव घेऊन सांगितलं की कोणता कधी आटतो, कोणता संक्रांतीला, कोणता शिमग्याला. तो कागद आमच्या टंचाई आराखड्यापेक्षा भरवशाचा होता. त्याच बायका मोठ्या ग्रामसभेत पदर सावरून मागं बसतात आणि त्यांना कुणी विचारत नाही.

आता वरच्या बैठकीचं. जिल्ह्याच्या बैठकीत क्रम माझ्या हातात नाही, तिथं टॉवेलवाली खुर्ची दुसऱ्याची, मी परत बाजूच्याच खुर्चीवर असते आणि विचारलं तरच बोलायचं ही जुनी सवय अजून पूर्ण गेलेली नाही. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामा, त्यांच्या ऑफिसातल्या बायकांनी एक युक्ती काढली होती असं वाचलं होतं, एकीनं मुद्दा मांडला की दुसरीनं तो तिचं नाव घेऊन परत मांडायचा. मी आणि तिथल्या दुसऱ्या एक महिला अधिकारी, आम्ही दोघी तसंच करायला लागलो. त्या म्हणायच्या, 'मॅडमनी आत्ता उद्भवाचं सांगितलं तेच मी पुढं नेते', की मग कुणाला तो मुद्दा आपला म्हणून उचलता यायचा नाही. मागच्या महिन्यात त्यांची नांदेडला बदली झाली. त्यांच्या जागी नवीन मॅडम आल्यात, अजून फार बोलणं झालेलं नाही. सोमवारी बैठक आहे, त्याच्या आधी अर्धा तास लवकर जाऊन त्यांना चहाला बोलावणारे आणि हे सगळं सांगणारे.