मशीन लावलं की लग्नात ऐकू येईल ना?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही म्हणजे माझ्यासमोर बसून हाच प्रश्न विचारणारे सगळे: "मॅडम, कानाचं मशीन लावल्यावर गर्दीत, लग्नकार्यात नीट कळेल ना?" मी "नक्की सांगता येणार नाही" म्हटलं की चेहरे उतरतात. "एवढे पैसे घालायचे आणि तुम्हाला एवढंही सांगता येत नाही?" असं एका सुनेनं परवा तोंडावर विचारलं.

पूर्वी मी बेधडक सांगायचे.

एसटीत तीस वर्षं कंडक्टर असलेले एक काका होते. दोन्ही कानांना मशीन बसवलं, बंद खोलीत 65 डेसिबलला, म्हणजे नेहमीच्या बोलण्याएवढ्या आवाजात, शब्द ऐकवले. 25 पैकी 24 त्यांनी बरोबर म्हणून दाखवले. मी खूश. म्हटलं, "काका, मुलीच्या साखरपुड्यात आता बिनधास्त बसा."

दहा दिवसांनी ते आले. खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. आत दोन्ही मशीनं, बॅटरीची दारं उघडी, मी शिकवलं होतं तशी. बोलत काकू होत्या, काका डबीकडे बघत होते. हॉलमध्ये सनईची रेकॉर्ड, पोरांचा दंगा, वाढप्यांची भांडी. जेवताना व्याही शेजारी बसून म्हणाले, "आमची आई दिवाळीत गेली." काकांच्या हाती 'दिवाळी' तेवढी लागली. ते हसून म्हणाले, "वा वा, छान झालं!" व्याही काही न बोलता ताटावरून उठले. मुलगी घरी येऊन रडली.

"मशीन नसतं तर त्यांनी 'मला ऐकू येत नाही हो' असं आधीच सांगितलं असतं," काकू म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात म्हणून ते निर्धास्त होते."

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

माझी चाचणी चुकली नव्हती, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. पण ती शांततेतली होती. किती मोठा आवाज लागतो ते ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, सांगतो. गोंगाटातून शब्द निवडता येतो का, हे त्यात दिसत नाही. रेनियर प्लोम्प या डच शास्त्रज्ञानं 1978 मध्येच बहिरेपणाचे दोन भाग मांडले होते: आवाज कमी पोचणं आणि पोचलेला आवाज विस्कटलेला असणं. मशीन पहिल्यावर चालतं. दुसऱ्यावर फारसं नाही. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं.

मग काकांची गोंगाटातली चाचणी घेतली. चांगलं ऐकणाऱ्याला बोलणं आणि गोंगाट जवळपास सारख्या पातळीवर असले तरी निम्मे शब्द कळतात. काकांना तेवढं कळायला मशीन लावूनही बोलणं गोंगाटापेक्षा 9 डेसिबलनं मोठं लागलं. कुठल्या मंगल कार्यालयात तेवढं मिळणार? ही चाचणी पाच-सात मिनिटांची. साखरपुड्याआधी का घेतली नाही? बाहेर पेशंट थांबले होते, आणि 24 हा आकडा बघून मला पुढे विचारावंसं वाटलं नाही.

आता म्हणाल, मग ही चाचणी घेऊन तरी सांगा. घेते. पण माझ्या खोलीतला गोंगाट स्पीकरमधून ठरलेल्या दिशेनं येतो. हॉलमध्ये तो भिंतींवर आपटून चहूकडून येतो, बोलणारा तोंड फिरवतो, ऐकणारा दमलेला असतो. सारख्या ऑडिओग्रामची दोन माणसं एकाच पंगतीत बसली तरी एकाला कळतं, एकाला नाही. ब्रिटनमधल्या क्लॅरिटी प्रकल्पानं तर 2022 मध्ये याचीच स्पर्धा ठेवली: मशीनमधून निघालेला आवाज आणि मशीन लावणाऱ्याच्या ऐकण्याची तपासणी कॉम्प्युटरला द्यायची, आणि त्याला वाक्यातले किती टक्के शब्द कळतील ते कॉम्प्युटरनं सांगायचं. एकेका वाक्याच्या अंदाजात चांगल्या चांगल्या पद्धतीही 20 टक्क्यांहून जास्त चुकल्या. हे मी ढाल म्हणून सांगतेय, कळतंय मला. काकांना टक्के नको होते, सावध करणारं कुणी हवं होतं.

म्हणून आता मी स्पीकरवर गोंगाट लावते, घरच्यांनाच बोलायला सांगते आणि म्हणते, "एवढंच, कदाचित याहून कमी." परवा त्या सुनेनं सासूबाईंना तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला त्यांनी वळून बघितलं. मशीन न घेताच दोघी गेल्या. घेतलं असतं तर घरात, टीव्हीसमोर, फोनवर त्यांना नक्की फायदा झाला असता. जुनी मी असते तर त्या घेऊन गेल्या असत्या.

नातवाची मुंज पुढच्या महिन्यात आहे म्हणत होत्या.