पिकअपच्या रिव्हर्सला तीन मोडचा स्विच, घरच्या घरी

ज्यांची पिकअप रात्री-पहाटे लोडिंगला लागते त्यांच्यासाठी हे लिहितोय. सोलापुरात कांद्याचा सीझन चालू झाला की बाजार समितीत पहाटे गाड्या कशा लागतात ते माहितीच आहे, मागे बघावं तर अंधार, हमाल पोती घेऊन मधूनच जातात, आणि रिव्हर्सचा तो 21 वॅटचा बल्ब कुठवर पुरणार. आमची गाडी दिवसा टॉवेल-चादरीचे गठ्ठे नेते, पूर्व भागातल्या गल्ल्यांत यंत्रमागाच्या कारखान्यापर्यंत रिव्हर्सच जावं लागतं, म्हणून हौद्याच्या मागे खाली 18 वॅटचे दोन एलईडी फोकस लावले आणि डॅशबोर्डवर तीन पोझिशनचा स्विच. वर ऑटो, म्हणजे रिव्हर्स टाकला की फोकस लागणार. मधे बंद. खाली मॅन्युअल, म्हणजे गाडी उभी असताना लोडिंगसाठी.

आता खरा मुद्दा. गिअरबॉक्सच्या अंगालाच एक छोटा स्विच बसवलेला असतो, दोन वायरी निघतात त्यातून, रिव्हर्स पडला की आतला दांडा त्याची पिन दाबतो आणि मागचा दिवा लागतो. हा स्विच त्या बल्बपुरताच बनवलेला असतो, बल्ब पावणेदोन अँपिअर खातो, आणि आपले दोन फोकस मिळून 36 वॅट म्हणजे अजून 3 अँपिअर. थेट रिव्हर्सच्या वायरीला जोडले तर आज चालतील, पण हळूहळू स्विचचे पॉइंट जळतात आणि एक दिवस मूळ रिव्हर्स लाइटच बंद पडते. म्हणून रिले पाहिजेच, म्हणजे थोड्या करंटने चालणारा आणि मोठा करंट जोडणारा स्विच. रिव्हर्सच्या वायरीने फक्त रिलेची कॉइल ओढायची, फोकसचा करंट बॅटरीवरून वेगळ्या जाड वायरीने यायचा. रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला बॅटरीचा प्लस, बॅटरीजवळच 10 अँपिअरचा फ्यूज टाकून, 87 ला फोकस, 85 अर्थ (म्हणजे चेसिसला, बॅटरीच्या मायनसला), आणि 86 ला डॅशबोर्डच्या स्विचची मधली पिन.

स्विच साधा ऑन-ऑफ घेऊ नका, मधे बंद होणारा दोन्ही बाजूचा घ्या, ह्यावर मी अडून बसणार. कारण असं की साध्या स्विचने बॅटरीचा प्लस आणि रिव्हर्सची वायर एकाच पिनेवर आणली, की मॅन्युअल चालू केल्यावर करंट उलटा रिव्हर्सच्या लाइनमध्ये शिरतो आणि गाडी पुढं चाललेली असताना मागे पांढरा रिव्हर्स दिवा लागलेला. मागून येणाऱ्याला वाटतं हा रिव्हर्स येतोय, तो करकचून ब्रेक मारतो. दोन्ही बाजूच्या स्विचमध्ये एका टोकाला रिव्हर्सची वायर, दुसऱ्या टोकाला बॅटरी, दोघांची गाठ कधी पडतच नाही.

रिव्हर्स टाकल्यावर वाजणारा बझर मात्र मी ह्या स्विचमधून नेला नाही, नेणारही नाही. तो रिव्हर्सच्या लाइनवर थेट, करंट थोडाच खातो. पहाटे गल्लीत आवाज होतो म्हणून शेजारचे काका म्हणाले पण होते, "त्याला पण बटण टाक की बे." मी त्यांना सांगितलं, काका, गल्लीत लेकरं खेळत असतात, बटण असलं की एखाद्या दिवशी बंदच राहणार. पटलं त्यांना.

रिव्हर्सची वायर शोधायला सोपं आहे, टायरला दगड लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून चावी ऑन, रिव्हर्स टाका आणि मागच्या दिव्याच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लावून बघा. रिव्हर्स काढल्यावर ज्या वायरीवर लॅम्प विझतो ती आपली.

अर्थ हौद्याला घेऊ नका, हौदा चेसिसवर बोल्टने बसलेला असतो, मधे पॅकिंग, रंग, गंज, फोकस लुकलुकत राहतात. चेसिसवर रंग खरवडून थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) लावून घट्ट आवळा. आणि नुसत्या टेपवर तर अजिबात विसंबू नका, आपल्याकडं मे महिन्यात पारा 43 च्या पुढं जातो, टेपचा डिंक पाघळून जॉइंट उघडा पडतो, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक स्लीव्हच घाला. वायर चेसिसच्या आतल्या बाजूनं काळ्या फ्लेक्सिबल पाइपातून, सायलेन्सरपासून लांब, आणि रिले पिना खाली करून बसवायचा म्हणजे पावसाळ्यात पाणी साचत नाही.

मॅन्युअलला लाल दिवा असलेला स्विच घ्या, थोडे पैसे जास्त जातील. चावी काढली तरी फोकस चालू राहतात, 3 अँपिअरने 10 तासांत बॅटरीतले 30 अँपिअर-अवर गेले म्हणजे सकाळी धक्का मारायची पाळी. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंग कापायच्या आधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. सगळं झाल्यावर एकाला मागे उभं करा, मॅन्युअल चालू करा, गिअर न्यूट्रल, आणि विचारा मूळ रिव्हर्स दिवा लागलाय का. लागला असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका, स्विचच्या पिना परत तपासा.