टेपबरोबर निघालेली पुट्टी

गेल्या दिवाळीच्या तोंडावर पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर स्टेन्सिलची, म्हणजे कापीव साच्यातून रंग उतरवायची, नक्षी करायची होती. भिंत 11 फूट लांब, 9 फूट उंच. ठेकेदाराच्या माणसांनी गडद निळ्या इमल्शनचे दोन हात आठ दिवस आधीच मारले होते. स्टेन्सिल भिंतीला धरून ठेवणारा टेप लावण्याआधी रंगाला निदान तीन दिवस मिळावे लागतात, त्यामुळे ती काळजी नव्हती.

स्टेन्सिल 18 बाय 24 इंची. एकदा साचा लावून उतरते ती नक्षी म्हणजे एक खण; 132 इंचांत सात पूर्ण खण बसतात, 6 इंच उरतात. कोपऱ्यातून सुरुवात केली तर ते 6 इंच एकाच टोकाला येतात आणि भिंत कलल्यासारखी वाटते. म्हणून मधला खण आधी, म्हणजे दोन्ही टोकांना 3-3 इंच जातात. मधली रेघ ओळंब्यानेच मारायची. दाराच्या चौकटीवरून माप घेतलं की चौथ्या खणापर्यंत फरक डोळ्यांत भरतो.

नक्षीच्या रंगात पाणी घालायचं नाही. चार इंची स्पंजचा रोलर रंगात बुडवून कागदावर इतका फिरवायचा, की त्याचा चिकट चपचप आवाज थांबला पाहिजे. मग हलक्या हाताने दोन पातळ थर. कडेखाली रंग पसरला की लोक स्टेन्सिलला नावं ठेवतात, पण बहुतेक वेळा रोलरवर रंग जास्त असतो. दर चार-पाच खणांनंतर स्टेन्सिलची मागची बाजू पुसायची. एवढ्या भिंतीच्या नक्षीला अर्धा लिटर रंगही पुरून उरतो.

मधल्यापासून दाराकडचे खण छान उतरले. बाल्कनीकडे वळल्यावर दुसऱ्याच खणाला टेपबरोबर तळहाताएवढा निळा पापुद्रा निघून आला.

पापुद्रा निघाला की आधी त्याची पाठ बघावी. पाठ स्वच्छ असेल तर रंगाने प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, धरलेला नाही. इथे पाठीला पांढरी पूड होती, आणि भिंतीवर बोट फिरवलं तर खडूसारखी आणखी पूड येत होती. म्हणजे रंग आणि प्रायमर एकमेकांना धरून होते, त्यांच्या खाली भिंत गुळगुळीत करायला लावलेली पुट्टीच सुटली होती.

मग ब्लेडने बारीक चौकटी कापून, टेप दाबून, झटक्याने ओढून सहा ठिकाणी तपासलं. दाराकडे एक कणही निघाला नाही. बाल्कनीकडे तिन्ही ठिकाणी सुटलं. ही तपासणी नक्षीच्या आधी करायची असते. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते इथे झालं नव्हतं.

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पाण्यावर घट्ट होते. कोरड्या, तापलेल्या भिंतीने पाणी शोषलं की तिची पूड होते, म्हणून आधी भिंतीवर पाणी मारावं लागतं. बाल्कनीतून दुपारचं ऊन थेट त्या बाजूला येतं, त्यामुळे पहिला संशय तोच. पाणी मारलं होतं असं ठेकेदार ठामपणे सांगत होता. खरं तर पाणी मारायचा कंटाळा हा या धंद्यातला जुना रोग आहे, आणि घरमालकही नक्षीच्या दरावर तासभर घासाघीस करतील, पण खाली काय लावलंय हे विचारणार नाहीत.

सैल भाग पत्र्याने, म्हणजे पुट्टी लावायच्या पातळ पातीने, खरवडला, पाणी मारलं, पुट्टीचे दोन हात, घासकाम, धूळ पुसून प्रायमर, मग पुन्हा निळा. नक्षी पाच दिवस पुढे गेली.

खरवडताना मात्र एक गोष्ट दिसली. उन्हामुळे झालं असतं तर पुट्टी बाल्कनीकडून आत हळूहळू घट्ट होत गेली असती. इथे सुटलेला भाग वरपासून खालपर्यंत एका रेषेत संपत होता, बाल्कनीपासून साधारण साडेतीन फुटांवर, एका माणसाचा पत्रा पोचतो तेवढ्याच पट्ट्यात. रेषेच्या एका बाजूला पूड, दुसऱ्या बाजूला पत्रा घसरेल इतकी घट्ट पुट्टी. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपवावी लागते. जेवणाच्या सुट्टीनंतर घट्ट होत आलेल्या घमेल्यात पाणी ओतून तोच माल पुन्हा फेटला, तर असा एकच पट्टा कच्चा राहतो. ऊन की घमेलं, हे त्या रेषेमुळे आता मला बऱ्यापैकी कळल्यासारखं वाटतं, पण त्या दुपारी तिथे कोण होतं ते सांगायला कोणी तयार नाही.