पौर्णिमेचं वर्तुळ

आज विक्का, म्हणजे निसर्गपूजा आणि जादूटोण्याचे विधी करणारा पंथ, मानणाऱ्यांच्या पौर्णिमेच्या वर्तुळात उभी राहिले. पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी. एकेका दिशेला तोंड करून आवाहन. मिठाच्या पाण्याची वाटी माझ्या हातात, आणि ती सांडू नये एवढंच डोक्यात!

ब्रिटनमधला चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला, मग जेराल्ड गार्डनर यांनी हा पंथ उघडपणे मांडला. म्हणजे वयाने तसा तरुणच. फार प्राचीन असल्याचा दावा मला काही पटत नाही. पण तिथे 'तू कुठली, कोणाची' असं कोणी विचारलं नाही, नुसती सरकून जागा दिली. प्रार्थनेला कायम मागच्या रांगेत उभं राहणाऱ्या मला हे नवीनच होतं.

पुढच्या पौर्णिमेलाही जाणार. फक्त वाऱ्याने मेणबत्त्या सारख्या विझतात, त्यावर काहीतरी उपाय शोधायला हवा.